कॉलेज बाहेर पडेल, केटीचा पेपर कोण घेईल?

मुंबई विद्यापीठाच्या भवितव्याबद्दल विद्यार्थ्यांचं खुलं पत्र

प्रति,
मा. कुलगुरू,
व्यवस्थापन परिषद, विद्या परिषद आणि अधिसभेचे सन्माननीय सदस्य,
मुंबई विद्यापीठ

विषय : महाविद्यालयं विद्यापीठातून बाहेर पडताना मागे राहणाऱ्या विद्यार्थ्यांची सोय लावण्याबाबत.

महोदय/महोदया,

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 नुसार संलग्नतेची (कॉलेजने शिकवायचं, विद्यापीठाने परीक्षा घेऊन पदवी द्यायची) पद्धत 15 वर्षांत टप्प्याटप्प्याने संपवायची आहे. कॉलेजने एकतर स्वतः पदवी देणारी स्वायत्त संस्था व्हायचं, नाहीतर विद्यापीठाचं घटक महाविद्यालय. म्हणजे 2035 पर्यंत मुंबई शहरापासून सिंधुदुर्गापर्यंतच्या सात जिल्ह्यांतल्या आठशेहून अधिक कॉलेजांना आपापला रस्ता ठरवावा लागणार. जी बाहेर पडणार आहेत त्यांच्याबद्दल भरपूर बोललं जातं. सत्कार होतात, फ्लेक्स लागतात. जी कॉलेजं राहणार आहेत आणि बाहेर पडणाऱ्या कॉलेजांतले जे विद्यार्थी मध्येच लटकणार आहेत, त्यांच्याबद्दल हे पत्र आहे.

आमचा स्वायत्ततेला विरोध नाही, हे आधीच सांगतो. सेंट झेवियर्स 2010 मध्ये स्वायत्त झालं, तेव्हा मुंबई बुडाली नाही. वैद्यकीय कॉलेजं 1998 नंतर नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे गेली, माटुंग्याची रसायन तंत्रज्ञान संस्था 2008 मध्ये अभिमत विद्यापीठ झाली, एल्फिन्स्टन, सिडनहॅम आणि विज्ञान संस्था 2019 मध्ये डॉ. होमी भाभा राज्य विद्यापीठात गेल्या आणि के.सी., एच.आर. 2020 मध्ये एचएसएनसी विद्यापीठात. यातल्या प्रत्येक वेळी निर्णय त्या त्या कॉलेजापुरता घेतला गेला. उरलेल्या विद्यापीठाचं काय, हा प्रश्न कोणाच्याच टेबलावर नव्हता. एकेक वीट काढली तर भिंत लगेच पडत नाही, म्हणून भिंतीचा हिशेब कोणी मांडत नाही.

हा हिशेब इतर ठिकाणी मांडून झालेला आहे. 18 जुलै 1857 ला आपलं विद्यापीठ स्थापन झालं ते लंडन विद्यापीठाच्या साच्यावर. लंडनमध्ये 1836 पासून पद्धत होती की कॉलेजने शिकवायचं, विद्यापीठाने परीक्षा घ्यायची आणि पदवी द्यायची. आपल्याकडेही 1904 च्या कायद्यापर्यंत विद्यापीठ म्हणजे मुख्यतः परीक्षा घेणारी संस्था होती. पुढे वाटा वेगळ्या झाल्या. लंडन खऱ्या अर्थाने संघीय विद्यापीठ झालं, म्हणजे कॉलेजं त्यात भागीदार झाली. बाबासाहेबांची 1923 ची डी.एस्सी. लंडन विद्यापीठाची, शिक्षण लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधलं. संघीय विद्यापीठ म्हणजे काय, ते या एका ओळीत कळतं. आपल्याकडे मात्र संलग्नता राहिली. प्रस्ताव, शुल्क, चौकशी समिती, समितीचा चहा, अहवाल. भागीदारापेक्षा कॉलेजचं नातं भाडेकरूसारखंच जास्त.

लंडनमधूनही मोठी कॉलेजं सुटलीच. इम्पीरियल 2007 मध्ये पूर्ण बाहेर पडलं. किंग्ज, युनिव्हर्सिटी कॉलेज आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स 2007-08 पासून स्वतःची पदवी देऊ लागली, पण संघात राहिली. 2018 मध्ये खास कायदा करून घटक संस्थांना स्वतः विद्यापीठ होण्याची आणि तरीही संघात राहण्याची मुभा दिली गेली. त्या संघाकडे सामायिक ठेवण्यासारखं काहीतरी होतं, म्हणून तो टिकला : सेनेट हाउसचं ग्रंथालय, सगळ्या कॉलेजांसाठीची वसतिगृहं, जगभर चालणारा दूरशिक्षण विभाग. वेल्स विद्यापीठाचं उलटं झालं. कार्डिफ 2004 मध्ये गेलं, मग इतरांनीही आपापली चूल मांडली. उरलेलं विद्यापीठ बाहेरच्या आणि परदेशी संस्थांच्या अभ्यासक्रमांवर शिक्का मारून देण्याच्या कामावर तगून राहिलं, त्यातून वाद उभे राहिले आणि 2011 मध्ये ते दुसऱ्या विद्यापीठात विलीन करायचं ठरलं.

मुंबईसमोर हीच दोन दारं आहेत. सामायिक काय ठेवायचं हे आधी ठरवलं तर लंडन, नाही ठरवलं तर वेल्स.

आता मुद्द्याचं. सगळ्यात आधी केटी, म्हणजे नापास झाल्यामुळे पुन्हा द्यायचा राहिलेला पेपर.

एक पेपर कसा होतो ते आपल्याला माहीत आहेच, पण खर्चाच्या अंगाने पुन्हा पाहू. पेपर सेटरची नेमणूक, प्रश्नपत्रिकेचे संच, मॉडरेशन, मराठी भाषांतर, परीक्षेच्या दिवशी पासवर्ड लावून केंद्रावर ऑनलाइन पाठवणं, केंद्रावर प्रती काढणं, बारकोड, स्कॅनिंग, तपासणी, पुन्हा मॉडरेशन, इंटर्नलच्या गुणांची जुळणी, निकाल. परीक्षेला 20,000 बसले काय आणि 20 बसले काय, प्रती काढणं, स्कॅनिंग आणि तपासणी सोडली तर बाकी सगळं काम तेवढंच राहतं. मोठी कॉलेजं गेली की 20,000 चे 20 होतात, पण पेपर रद्द होत नाही. शिवाय परीक्षा शुल्काचा मोठा वाटा त्या कॉलेजांबरोबर जातो. मग एकतर उरलेल्यांची फी वाढते, नाहीतर दर्जा घसरतो. बहुतेक वेळा दोन्ही.

आता एक उदाहरण घ्या. 2021 ला प्रवेश घेतलेल्या मुलाचा चौथ्या सेमिस्टरचा एक विषय राहिला आहे. दरम्यान त्याचं कॉलेज स्वायत्त झालं. नियमाप्रमाणे तो जुन्या तुकडीचा, म्हणून पेपर विद्यापीठाचा. पण इंटर्नलचे गुण कॉलेजकडे आहेत आणि कॉलेजचं नवं सॉफ्टवेअर नव्या तुकडीसाठी बनवलेलं, त्यात विद्यापीठाचा 16 अंकी पीआरएन (कायम नोंदणी क्रमांक) टाकायला रकानाच नाही. कॉलेज एक्सेल शीट काढून मेलने पाठवतं. एका अंकाची चूक झाली की गुण दुसऱ्याच्या नावावर चढतात किंवा कोणाच्याच नाही, आणि निकालावर 'राखीव' लागतं, म्हणजे निकाल रोखला जातो. पेपर तो पास झालेला असतो, पण सहाव्या सेमिस्टरचा निकालही त्यामागे अडकतो, कारण खालचं सेमिस्टर पूर्ण झाल्याशिवाय वरचा निकाल सुटत नाही. एम.ए.चे प्रवेश तोवर बंद. यात कोणाची वाईट नियत लागत नाही. एक रकाना नसला की पुरे.

म्हणून आमची पहिली मागणी अशी, की कोणत्याही कॉलेजला बाहेर पडण्यासाठी किंवा स्वायत्ततेसाठी ना-हरकत देण्याआधी त्याच्याशी लेखी करार व्हावा. त्यात विषयवार आणि सेमिस्टरवार केटी असलेल्या विद्यार्थ्यांची संख्या असावी. त्यांच्या परीक्षा कोण, किती वर्षं आणि वर्षातून किती वेळा घेणार ते असावं. जुन्या पेपरच्या जागी नवा कोणता पेपर चालेल याचा समकक्षता तक्ता असावा, आणि तो कॉलेजच्या नोटीस बोर्डावर लागावा, नुसता फायलीत नको. सगळ्या जुन्या विद्यार्थ्यांचे इंटर्नल गुण बाहेर पडण्याच्या तारखेआधी विद्यापीठाच्या प्रणालीत भरून कॉलेजने सही करून द्यावेत, आणि पीआरएन शेवटपर्यंत तोच राहावा. गुणांच्या नोंदवह्या कागदावर आणि डिजिटल अशा दोन्ही रूपांत विद्यापीठाकडे असाव्यात. वीस वर्षांनी कोणी नोकरीसाठी पदवीची पडताळणी मागितली तर 'ते कॉलेज आता आमच्याकडे नाही' हे उत्तर मिळता कामा नये.

घाईचं काय होतं हे आपण 2017 मध्ये पाहिलं आहे. सुमारे 17 लाख उत्तरपत्रिका एकाच हंगामात ऑनस्क्रीन तपासायच्या ठरल्या. उत्तरपत्रिका 30 पानांची धरली तरी ही 5 कोटींहून जास्त पानं. प्रत्येक उत्तरपत्रिकेची शिवण कापायची, पानं सुटी करायची, स्कॅनरमधून काढायची, बारकोडला जोडायची, पुरवणीचा बारकोड मूळ उत्तरपत्रिकेशी जुळवायचा, मग ती योग्य विषयाच्या आणि योग्य माध्यमाच्या परीक्षकाच्या लॉगिनमध्ये पडायला हवी. यातला एक टप्पा मागे राहिला की पुढचे सगळे थांबतात. पुरवणी सुटली तर परीक्षकाला अर्धंच उत्तर दिसतं, आणि स्क्रीनवर त्याला ते कळायला मार्ग नसतो. राज्यपालांनी दिलेली 31 जुलैची मुदत गेली, निकाल पुढे पुढे सरकत राहिले आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पद सोडावं लागलं. तंत्र वाईट नव्हतं, आज तेच वापरात आहे. चूक एवढीच, की आधी एका विद्याशाखेवर करून पाहिलं नाही आणि चालू हंगामात गाडीचं चाक बदललं. कॉलेजं बाहेर पडतानाही हीच चूक होऊ शकते. म्हणून बदल नेहमी प्रथम वर्षाच्या नव्या तुकडीपासून, जूनमध्ये. दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षाला हात लावू नये.

दुसरा विषय क्रेडिटचा. संलग्न कॉलेजांत 2024-25 पासून नवीन रचना आली. सेमिस्टरला 22 क्रेडिट, थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे 15 तास, प्रॅक्टिकलचं 30. कागदावर विद्यार्थी कुठूनही कुठेही जाऊ शकतो, कारण अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये त्याची क्रेडिट जमा आहेत, सात वर्षांपर्यंत चालणारी. पण बँकेत आकडा असतो, विषय नसतो. दादरच्या स्वायत्त कॉलेजमधल्या मुलीला वडिलांच्या बदलीमुळे दुसऱ्या वर्षाला चिपळूणला यावं लागलं असं समजा. तिच्या खात्यात पहिल्या वर्षाची 44 क्रेडिट पूर्ण आहेत. पण चिपळूणच्या तिसऱ्या सेमिस्टरच्या मेजरमधला (मुख्य विषयातला) एक पेपर ती पहिल्या वर्षीच करून आली आहे, आणि दुसरा पेपर ज्यावर उभा आहे तो भाग तिच्या जुन्या कॉलेजने पाचव्या सेमिस्टरला ठेवला होता. मायनर (दुय्यम विषय) तिने मानसशास्त्र ठरवलं होतं, चिपळूणच्या कॉलेजमध्ये तो विभागच नाही. क्रेडिट भरली तरी शिकणं तुटलं.

यावर उपाय अवघड नाही. प्रत्येक मेजर विषयाचा किमान 60 टक्के गाभा, स्वायत्त असो वा संलग्न, सगळ्या कॉलेजांना समान ठेवा आणि तो कोणत्या सेमिस्टरला शिकवायचा हेही बांधून द्या. उरलेल्या 40 टक्क्यांत कॉलेजने हवी ती भरारी घ्यावी. स्वायत्त कॉलेजांची पदवी आजही मुंबई विद्यापीठाच्या नावानेच निघते, त्यामुळे एवढं मागण्याचा हक्क विद्यापीठाला आहे. जी स्वतंत्र विद्यापीठं झाली त्यांच्याशी करार करावा लागेल. लंडनने नेमकं हेच केलं : बाहेर जायची मुभा दिली, पण संघातलं नातं कागदावर ठेवलं.

समान गाभ्याचं आणखी एक कारण आहे, ज्यावर अधिसभेत फारसं बोललं जात नाही. मराठी पुस्तकं. बी.ए., बी.कॉम.चे पेपर मराठीत लिहिणारे हजारो विद्यार्थी आहेत. त्यांच्यासाठी प्रकाशक पुस्तक काढतो ते सात जिल्ह्यांना एकच अभ्यासक्रम आहे म्हणून. साठ कॉलेजांचे साठ अभ्यासक्रम झाले की इंग्रजीत निदान संदर्भग्रंथ मिळतील, मराठीत काहीच मिळणार नाही, कारण एका कॉलेजच्या ऐंशी मुलांसाठी कोणी पुस्तक छापत नाही. आजही खेड, मंडणगड, जव्हारकडे नियमित कॉलेजची मुलं दूरशिक्षणाच्या नोट्सच्या झेरॉक्स वापरतात, कारण त्या मराठीत असतात आणि मुद्द्याला धरून असतात. 1971 पासून चालत आलेल्या विद्यापीठाच्या त्या दूरशिक्षण विभागाला कडेला ठेवू नका. समान गाभ्याच्या मराठी अभ्याससाहित्याची जबाबदारी त्याच्याकडे द्या आणि पीडीएफ सगळ्यांना मोफत खुली करा. सेनेट हाउसच्या जागी आपल्याकडे हे आहे.

लहान कॉलेजांची गोष्ट याहून बिकट आहे. तीन विभाग आणि निम्मे शिक्षक तासिका तत्त्वावर असलेल्या कॉलेजने मायनर काय द्यायचा आणि ओपन इलेक्टिव्ह (दुसऱ्या शाखेतला ऐच्छिक विषय) कुठून आणायचा? होतं असं, की ओपन इलेक्टिव्ह म्हणून जे शिक्षक हजर आहेत त्यांचाच विषय लावला जातो. 'ओपन' काय ते नाव. क्लस्टरचा, म्हणजे जवळच्या कॉलेजांच्या गटाचा, खरा उपयोग इथे आहे, आणि त्यासाठी नवीन विद्यापीठ काढायची गरजच नाही. एकाच एसटी मार्गावरची चार-पाच कॉलेजं एकत्र करा. दोन क्रेडिटचा ओपन इलेक्टिव्ह म्हणजे 30 तास. आठवड्याला दोन तास ठेवले तर 15 आठवडे मुलांनी एसटीने जायचं-यायचं, ते जमणार नाही, मुलींच्या घरून तर परवानगीच मिळणार नाही. त्याऐवजी शनिवारी चार तासांचा एक सलग वर्ग, आठ शनिवार, झाले 32 तास. आणि मुलांनी फिरण्यापेक्षा शिक्षकाने फिरावं. एका शिक्षकाचं आठ शनिवारांचं एसटी भाडं आणि भत्ता हा खर्च किरकोळ आहे. अडतं ते वेळापत्रकावर. पाचही प्राचार्यांनी शनिवारी दुसरं काही लावायचं नाही हे एकदा ठरलं पाहिजे, आणि हजेरी कोणाच्या रजिस्टरमध्ये लावायची हेही. आमचं मत : विद्यार्थी ज्या कॉलेजचा, रजिस्टर त्या कॉलेजचं.

आता कोकणाबद्दल. रत्नागिरी, सिंधुदुर्गासाठी स्वतंत्र कोकण विद्यापीठ व्हावं ही मागणी जुनी आहे आणि त्यावर आमच्यातही एकमत नाही. जवळचं विद्यापीठ हवं असं म्हणणारे चूक नाहीत. सावंतवाडीच्या मुलाला कलिन्याला विद्यापीठात सहीसाठी यायचं म्हणजे संध्याकाळी तुतारी एक्स्प्रेस पकडायची, पहाटे दादर, तिथून सांताक्रूझ, खिडकी उघडेपर्यंत थांबायचं, आणि कागदात एक झेरॉक्स कमी निघाली तर पुन्हा हेच. पण 'मुंबई विद्यापीठ' हे पदवीवरचं नाव सोडायला त्याच मुलाचे पालक तयार नसतात, आणि तेही चूक नाहीत. गडचिरोलीला 2011 मध्ये नागपूरपासून वेगळं करून गोंडवाना विद्यापीठ झालं, सोलापूरला 2004 मध्ये एका जिल्ह्याचं विद्यापीठ झालं. म्हणजे हे करता येत नाही असं नाही. आमच्यातल्या बहुतेकांचं म्हणणं मात्र असं, की कोकणाला आज कुलगुरूपेक्षा सही करणारा अधिकारी जास्त हवा आहे.

रत्नागिरी आणि सावंतवाडीला विद्यापीठाची उपकेंद्रं आहेतच. तिथे परीक्षा विभागाचा एक उपकुलसचिव दर्जाचा अधिकारी बसवा आणि त्याला पाच गोष्टींचा पूर्ण अधिकार द्या : ट्रान्स्क्रिप्ट, मायग्रेशन, गुणपत्रिकेतल्या नावाची दुरुस्ती, उत्तरपत्रिकेच्या छायाप्रतीचा आणि फेरमूल्यांकनाचा अर्ज, आणि 'राखीव' निकालाची चौकशी. 'अर्ज स्वीकारून मुंबईला पाठवला जाईल' असा अधिकार नको. असा अधिकारी म्हणजे पोस्टाची पेटी. त्याच्या संगणकावर विद्यार्थ्याची पूर्ण नोंद दिसली पाहिजे आणि दुरुस्ती त्याला तिथेच करता आली पाहिजे. पालघरलाही हेच लागू आहे. मोखाड्याहून कलिना नकाशात जवळ दिसतं, प्रवासात नाही.

शेवटचा मुद्दा, हे सगळं कोण ठरवणार? 2016 चा महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा 1 मार्च 2017 पासून लागू झाला, त्यात विद्यार्थी परिषदेच्या खुल्या निवडणुका परत आणल्या गेल्या. 2019 मध्ये त्या घ्यायचं ठरलं आणि पुढे ढकललं गेलं. सप्टेंबर 2024 मध्ये अधिसभेच्या पदवीधर गटाच्या दहा जागांची निवडणूक झाली, पण पदवीधर म्हणजे शिकून बाहेर पडलेले. ज्यांच्या हॉल तिकिटावर उद्याचा पेपर आहे त्यांचं काय? लंडनमध्ये 2014 साली विद्यापीठाने सगळ्या कॉलेजांची मिळून असलेली विद्यार्थी संघटना बंद केली, विद्यार्थ्यांनी निदर्शनं करूनही. प्रत्येक कॉलेजची आपापली संघटना आहेच, मग एकत्र कशाला, असा तो युक्तिवाद होता. कॉलेजची संघटना कॉलेजपुरतं बोलते. संघाबद्दल बोलायला मग कोणी उरत नाही.

निवडणुका होतील तेव्हा होतील. तोवर कॉलेज बाहेर पडण्याच्या किंवा क्लस्टरच्या प्रत्येक प्रस्तावावर निर्णय घेणाऱ्या समितीत त्या जिल्ह्यातले दोन विद्यार्थी बसवा, त्यातला एक संलग्नच राहणाऱ्या कॉलेजचा. प्रस्ताव मराठीत प्रसिद्ध करा आणि हरकतींसाठी 30 दिवस द्या, परीक्षेचा महिना सोडून. एप्रिलमध्ये परिपत्रक काढून मेमध्ये 'विद्यार्थ्यांकडून हरकत आली नाही' असं लिहिणं सोपं असतं.

यातलं बरंचसं पुढच्या अर्थसंकल्पाशिवाय होणार नाही, ते आम्हाला कळतं. एक गोष्ट मात्र बिनखर्ची आहे. गेल्या पाच वर्षांत स्वायत्त झालेल्या किंवा बाहेर पडलेल्या कॉलेजांच्या जुन्या तुकड्यांतले किती विद्यार्थी, कोणत्या विषयात, कोणत्या सेमिस्टरला अडकले आहेत, हा तक्ता परीक्षा विभागाच्या नोंदींवरून तयार करता येतो. नावं नकोत, फक्त आकडे. अधिसभेच्या पुढच्या बैठकीआधी तो संकेतस्थळावर टाका. करारात किती वर्षांची मुदत मागायची, ते आम्ही त्यावरून सांगू.

आपले,
मुंबई, पालघर, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातल्या संलग्न व स्वायत्त महाविद्यालयांतले काही विद्यार्थी